मनातल्या मनात, पण नेमकं कोणापासून लपवून?

मे महिन्यातली नागपूरची दुपार. पारा 45 च्या आसपास, कूलरमध्ये नुकतंच पाणी भरलेलं, घरातला कर्ता माणूस आडवा व्हायच्या बेतात आणि तेवढ्यात दारात पाहुणा. "या जी काका, बसा. पन्हं घेता का?" असं तोंड भरून स्वागत होतं. त्याच क्षणी मनात मात्र "काऊन आले बाप्पा हे भरदुपारचे!" हे वाक्य बोलून संपलेलं असतं. ते कोणाला ऐकू जात नाही, जाऊ द्यायचंही नसतं. अशा प्रसंगासाठी इंग्रजीत एक क्रियाविशेषण तयार आहे, ‘इनवर्डली’. यजमान वरून हसले आणि ‘इनवर्डली’ वैतागले.

शाळेत हा शब्द आला की फळ्यावर त्याच्यापुढे ‘मनातल्या मनात’ असं लिहिलं जातं. चूक काही नाही त्यात. पण पुढच्याच आठवड्यात ‘सीक्रेटली’ येतो, त्याच्याही पुढे ‘मनातल्या मनात’. मग कधीतरी ‘प्रायव्हेटली’ आणि ‘डीप डाउन’ येतात आणि एकाच मराठी शब्दाच्या पाठीवर चार इंग्रजी शब्द बसतात. मुलं हुशार असतात. ती चारही शब्द एकमेकांच्या जागी वापरायला लागतात आणि मग ‘तो सीक्रेटली दमला होता’ अशी वाक्यं उत्तरपत्रिकेत उगवतात. या चौघांमधला फरक समजून घ्यायला जाड शब्दकोश लागत नाही, एक प्रश्न पुरतो. भावना लपली आहे ती कोणापासून?

‘इनवर्डली’मध्ये ती लपलेली असते समोरच्या माणसापासून, आणि तीही बहुधा तेवढ्या क्षणापुरती. चेहरा एक सांगतो, मन दुसरं. म्हणून या शब्दाची जोडी ‘आउटवर्डली’शी. वरून शांत, आतून खदखदणारा, अशा वाक्यांत दोघे एकत्र नांदतात. लपवण्यासाठी मुद्दाम खटपट केलेली असेलच असं नाही. कित्येकदा ती निव्वळ सभ्यता असते. शब्द बराच जुना आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा पूर्वज होता आणि त्याचा अर्थ ‘अगदी मनापासून’ याच्या जवळ जाणारा होता, लपवाछपवीचा त्यात वासही नव्हता. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजी वैद्यकाच्या पुस्तकांत हाच शब्द पोटात घ्यायच्या औषधासाठी वापरलेला दिसतो. लेपाचं औषध बाहेरून, काढा ‘इनवर्डली’. आज तो मुख्यतः कथा-कादंबऱ्यांत राहतो. रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस तो फारसा वापरत नाही, त्यामुळे मुलाखतीत किंवा गप्पांत वापरला तर ऐकणाऱ्याला पुस्तकी वाटतो. व्याकरणाने बरोबर, कानाला अवघड.

‘सीक्रेटली’मध्ये लपवणं हे काम असतं. ते कोणीतरी करत असतं, रोज करत असतं. शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थच मुळी ‘वेगळं काढून ठेवणं’. म्हणून दमण्याला, भुकेला हा शब्द चिकटत नाही. हेवा, आशा, प्रेम, समाधान यांना चिकटतो, कारण या गोष्टी माणूस जपून वेगळ्या ठेवतो. आणि भावनेइतकाच तो कृतीलाही लागतो. चोरून भेटणं, गुपचूप पैसे साठवणं हेही ‘सीक्रेटली’च.

‘प्रायव्हेटली’ समजून घ्यायला नागपूरसारखं गाव नाही. 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथे भरतं. डिसेंबरच्या थंडीत सिव्हिल लाइन्समध्ये गाड्यांची रीघ लागते आणि वर्तमानपत्रांत एक शब्द हमखास दिसू लागतो, ‘खासगीत’. अमुक पक्षाचे आमदार खासगीत नाराजी बोलून दाखवतात. म्हणजे भावना बोलली गेली आहे, दोघा-चौघांना माहीत आहे, बातमीदारालाही माहीत आहे, फक्त व्यासपीठावर ती यायची नाही. ‘प्रायव्हेटली’चा हा इतका चपखल मराठी प्रतिशब्द राजकीय बातमीदारांनी रुळवला आणि शाळेच्या फळ्यापर्यंत तो पोचलाच नाही, याची गंमत वाटते.

राहिला ‘डीप डाउन’. इथे लपवणाऱ्यालाही पत्ता नसतो. भावना खुद्द स्वतःपासून लपलेली असते, किंवा माहीत असून कबूल करायची नसते.

हे सगळं इंग्रजीचं वैभव आहे असं वाटत असेल तर नागपूरहून ईशान्येला जेमतेम 50 किलोमीटरवर असलेल्या रामटेकला जाऊन यावं. कालिदासाचा ‘मेघदूत’मधला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, हे मत साधार मांडणारे महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी हे कोकणातून येऊन नागपूरचे झालेले संशोधक. मॉरिस कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवलं. 1885 साली सुरू झालेल्या त्या कॉलेजला आज वसंतराव नाईक यांचं नाव असलं, तरी जुने नागपूरकर ‘मॉरिस’च म्हणतात. संस्कृत नाटक शिकवणाऱ्याला रोज ज्या गोष्टीशी गाठ पडते ती म्हणजे कंसातल्या सूचना. आणि या सूचनांमध्ये आपल्या चार क्रियाविशेषणांपैकी बहुतेक जवळपास जशीच्या तशी बसलेली आहेत.

दहाव्या शतकात माळव्यात मुंज राजाच्या पदरी असलेल्या धनंजयाने ‘दशरूपक’ या ग्रंथात नाटकातल्या बोलण्याचे तीन प्रकार केले. सगळ्यांनी ऐकायचं ते सर्वश्राव्य, कोणीच ऐकायचं नाही ते अश्राव्य आणि ठरावीक माणसांनीच ऐकायचं ते नियतश्राव्य. वर्गीकरणाचा निकष बघा. काय वाटतं याला त्याने हातच लावला नाही, कोण ऐकतं एवढंच विचारलं. सर्वश्राव्य बोलण्याला ‘प्रकाश’ म्हणतात, म्हणजे उघड. अश्राव्य ते ‘स्वगत’ किंवा ‘आत्मगत’. नियतश्राव्यात पुन्हा दोन जाती आहेत, ‘जनान्तिक’ आणि ‘अपवारित’. जनान्तिकात दोन पात्रं आपसात बोलतात आणि रंगमंचावर उभे असलेले बाकीचे ते ऐकत नाहीत असं मानायचं. अपवारितात पात्र वळून, पाठमोरं होऊन, एखाद्याला गुपित सांगतं.

जनान्तिकाला हाताची खूणही आहे, तिचं नाव त्रिपताका. पंजा उभा धरायचा, बोटं सरळ, आणि फक्त अनामिका, म्हणजे करंगळीशेजारचं बोट, आत दुमडायचं. हा हात चेहरा आणि बाकीची पात्रं यांच्यामध्ये आडोशासारखा धरायचा. करून पाहा, सोपं नाही. अनामिका दुमडली की करंगळी तिच्यामागून यायला बघते. हा एवढासा आडोसा दिसला की प्रेक्षकाने समजून घ्यायचं की पुढचं बोलणं त्या तिसऱ्याच्या कानावर पडत नाही, जरी तो हातभर अंतरावर उभा असला तरी. आजही लग्नाच्या मांडवात एखादी आत्या पदराआडून शेजारणीला काही सांगते तेव्हा तिचा हात साधारण तिथेच जातो. दुमडलेली अनामिका तेवढी नसते.

कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा पहिला अंक या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. दुष्यंत झाडाआडून शकुंतलेला पाहतो, भुंग्याच्या निमित्ताने पुढे येतो. ती त्याच्याशी धड बोलतही नाही. आणि मग कंसात ‘आत्मगत’ येतं. याला पाहून आपल्या मनात तपोवनाला न शोभणारा विकार का उठावा, असं ती स्वतःशी म्हणते. ही शुद्ध ‘इनवर्डली’ची जागा. चेहरा आश्रमकन्येचा, मन वेगळ्याच वाटेला. थोड्या वेळाने अनसूया आणि प्रियंवदा या दोघी सख्यांच्या लक्षात सगळा प्रकार येतो. त्या शकुंतलेला म्हणतात की आज तात कण्व इथे असते तर... आणि ही छेड ‘जनान्तिक’ आहे. राजा समोर बसलेला आहे पण त्याने ती ऐकायची नाही. ही ‘प्रायव्हेटली’. भावना तीच, मिनिटभरापूर्वी ती शकुंतलेच्या एकटीपुरती होती, आता तिघींची झाली, आणि कंसातला शब्द बदलला.

पाचव्या अंकात कालिदास याहून पुढे जातो. दुर्वासाच्या शापाने दुष्यंत शकुंतलेला विसरून बसला आहे. अंतःपुरातून हंसपदिकेचं गाणं ऐकू येतं आणि राजा अस्वस्थ होतो. कोणा प्रियजनाचा विरह झालेला नसताना आपण असे का हुरहुरलो, हे त्याचं त्यालाच कळत नाही. मागच्या कुठल्या जन्मीची ओळख आठवत असावी, अशी समजूत तो काढतो. प्रेक्षकाला सगळं ठाऊक आहे, ज्याच्या मनात आहे त्यालाच ठाऊक नाही. हा ‘डीप डाउन’. यासाठी धनंजयाच्या यादीत सूचना नाही, असायचं कारणही नाही. स्वतःपासून लपलेली गोष्ट पात्र स्वगतात तरी कशी बोलणार? तिथे कवीला गाण्याची योजना करावी लागली.

आता आपल्या मातीतला माणूस. भवभूती आठव्या शतकातला, आणि तो विदर्भातल्या पद्मपूरचा. हे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचं पदमपूर, हेही मिराशींचंच प्रतिपादन. त्याच्या ‘उत्तररामचरिता’त तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला दोन नद्या बोलताना दिसतात, तमसा आणि मुरला. सीतेचा त्याग करून बारा वर्षं झाली आहेत. राम राज्य करतो आहे आणि वरून काही दिसत नाही. मुरला त्याच्या दुःखाला उपमा देते ती पुटपाकाची. पुटपाक ही वैद्यांची औषध भाजण्याची रीत. वनस्पतीचा गोळा पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा जाड लेप द्यायचा आणि निखाऱ्यांत ठेवायचा. वाफ बाहेर पडत नाही, लेप तडकत नाही, आत मात्र सगळं शिजत असतं. विदर्भात ज्याने शेतात गोवऱ्यांच्या आरात पुरलेले रोडगे खाल्ले आहेत त्याला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. राखेतून काढलेला रोडगा वरून थंड दिसतो आणि फोडला की चटका बसतो.

मला ही उपमा ‘इनवर्डली’ची आजवर दिसलेली सर्वांत चांगली व्याख्या वाटते. कारण तिच्यात नुसतं ‘आत आहे’ एवढं येत नाही. बंद असल्यामुळे आतली धग वाढते, हेही येतं. पुढे त्याच अंकात राम पंचवटीत येतो, ओळखीच्या जागा बघतो आणि लेप तडकतो. सीता तिथेच अदृश्य रूपात उभी राहून सगळं ऐकते. कोणी ऐकत नाही अशा समजुतीने केलेला विलाप नेमका जिने ऐकायला हवा तिनेच ऐकावा, ही भवभूतीची करामत. ‘स्वगत’ आणि ‘प्रकाश’ यांच्यामधली भिंत त्याने एका पात्रापुरती काढून टाकली.

मराठीकडे वळलं की दिसतं की आपण कंसातल्या सूचनांचं काम प्रत्ययांवर आणि क्रियापदांवर टाकलं आहे. ‘मनातल्या मनात’ ही रचनाच बघा. त्याच साच्यात ‘गावातल्या गावात’, ‘घरातल्या घरात’, ‘आतल्या आत’ हे शब्द पडतात. गावातल्या गावात सोयरीक झाली म्हणजे ती वेशीबाहेर गेली नाही. तसंच मनातल्या मनात बोललं म्हणजे बोलणं झालं, पण ते मनाची वेस ओलांडून गेलं नाही. हिंदीचा साचा निराळा, ‘मन ही मन’. तिथे मधला ‘ही’ जोर देतो, हद्द आखत नाही. नागपूरला दोन्ही भाषा एकाच पानठेल्यावर भेटतात, तेव्हा तिसराच प्रकार ऐकू येतो. "तो मनातल्या मनात कुढून राहिला, अंदर की बात आहे" हे वाक्य इथे कोणाच्याही भुवया उंचावत नाही.

‘मनातून’ म्हटलं की अर्थ सरकतो. "तो हो म्हणाला, पण मनातून त्याला ते नको होतं." हे ‘इनवर्डली’ नाही, हे ‘डीप डाउन’. इथे मन हे लपवायची जागा राहत नाही, खरं काय ते जिथून येतं ती जागा होते. ‘मनोमन’ आणखी वेगळा. त्याला चांगल्या भावना रुचतात. मनोमन आभार मानतात, मनोमन नमस्कार करतात, एखादी गोष्ट मनोमन पटते. मनोमन शिव्या मात्र कोणी घालत नाही, त्या मनातल्या मनातच घालाव्या लागतात. ‘मनाशी’ ठरवतात. ‘आतल्या आत’ला दुःख आणि राग लागतो. आतल्या आत खुश झालेला माणूस मी मराठीत अजून वाचलेला नाही. आणि ‘गुपचूप’, ‘चोरून’, ‘लपूनछपून’ हे शब्द कृतीचे, भावनेला ते लागत नाहीत. म्हणून ‘तो सीक्रेटली तिच्यावर प्रेम करतो’ याचं ‘तो गुपचूप प्रेम करतो’ असं भाषांतर झालं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भिंतीवरून उडी मारणारा इसम येतो. ‘त्याला ती मनातून आवडते’ किंवा ‘त्याचा तिच्यावर जीव आहे, पण बोलत नाही’, ही झाली मराठी.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. इंग्रजीला क्रियापदापुढे ‘इनवर्डली’ जोडावं लागतं, कारण तिथली बरीच क्रियापदं आत-बाहेर दोन्हीकडे चालतात. मराठीत कुढणं, झुरणं, खंतावणं ही क्रियापदं आतच घडतात. कुढणाऱ्या माणसाला वेगळं ‘मनातल्या मनात’ लावणं म्हणजे नागपुरी संत्र्याला गोड म्हणण्यासारखं झालं. चालतं, पण गरज नाही. धुसफुसणं आणि चरफडणं ही आत-बाहेरच्या उंबरठ्यावरची, थोडी आवाज करणारी. मनात मांडे खाणं, मनात उकळ्या फुटणं, पोटात एक ओठात एक, या सगळ्यांत क्रियाविशेषणाचं काम आधीच उरकलेलं आहे. भाषांतर करणाऱ्याने म्हणून पहिली गोष्ट करावी ती क्रियाविशेषण खोडून बघण्याची. चांगलं क्रियापद सापडलं की दहातल्या सहा-सात ठिकाणी ते परत लिहावं लागत नाही.

एक सापळा मात्र ठरलेला. ‘इनवर्डली स्माइल्ड’ दिसलं की हात आपोआप ‘गालातल्या गालात हसला’ लिहितो. पण गालातलं हसू गालावर दिसतं, दिसावं म्हणूनच ते थोडं उमटलेलं असतं. इंग्रजी वाक्यातला माणूस तर चेहरा कोरा ठेवून बसला आहे. त्याला ‘मनाशी हसला’ किंवा ‘मनातल्या मनात हसू आलं’ म्हणावं. ‘इनवर्डली ग्रोन्ड’ त्याहून कठीण, कारण मराठी माणूस मनात कण्हत नाही. तो ‘मनातल्या मनात कपाळावर हात मारतो’. शरीराची क्रिया मनात करायची ही सोय मराठीने छान ठेवली आहे.

आपल्या रंगभूमीवर ‘स्वगत’ बराच काळ टिकलं. 1880 च्या किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’ने ते संस्कृतातून सरळ घेतलं. पुढे वास्तववादी नाटक आलं आणि प्रेक्षकाकडे तोंड करून मनातलं बोलणं खोटं वाटू लागलं. मग लपलेल्या भावनेचं करायचं काय? नागपुरात इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या महेश एलकुंचवारांनी 1985 मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘वाडा चिरेबंदी’त त्याचं उत्तर दिलं. विदर्भातल्या एका गावातलं देशपांड्यांचं घर, वडील नुकतेच गेलेले, दिवसांच्या खर्चाची पंचाईत, अंगणात गंजणारा ट्रॅक्टर. या घरात कोणीही स्वगत बोलत नाही. दागिन्यांवर, जमिनीवर, मुंबईहून आलेल्या भावावर ज्याचा त्याचा डोळा आहे आणि बोलणं चहापाण्याचं चाललं आहे. दोन वाक्यांमधल्या थांब्यात प्रेक्षकाला सगळं ऐकू येतं. धनंजयाच्या भाषेत हे अश्राव्य बोलणं, फक्त ते आता नटाच्या तोंडून काढून प्रेक्षकाच्या डोक्यात ठेवलं आहे. या नाटकाचं इंग्रजी भाषांतर वाचताना हे चटकन जाणवतं की जिथे कादंबरीकाराला पानोपानी ‘इनवर्डली’ लागला असता तिथे नाटककाराला एक विराम पुरला.

नागपूर म्हणजे सगळं आत ठेवणारं गाव, असा कोणाचा समज व्हायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे दोन मोठे पुतळे, रस्त्यावर निघतात. ही परंपरा 1880 च्या दशकापासूनची. सोबतच्या बडग्यांच्या पुतळ्यांवर महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत वर्षभराचा राग लिहिलेला असतो आणि "घेऊन जा गे मारबत" म्हणत तो गावाबाहेर नेऊन जाळला जातो. पूर्ण सर्वश्राव्य प्रकार. अधिवेशनातल्या ‘खासगीत’ला याच शहराने दिलेलं हे उत्तर म्हणायला हरकत नाही.

इंग्रजी शिकवणाऱ्यांना एक विनंती. या चार शब्दांचे अर्थ वहीत उतरवून देण्याआधी वर्गात तीन मुलांना उभं करा. एकाने दुसऱ्याशी बोलायचं, तिसऱ्याने ऐकायचं नाही. मग दोघांनीही ऐकायचं नाही. मग बोलणाऱ्यालाच कळत नाही असं काहीतरी वागून दाखवायचं. जनान्तिकासाठी त्रिपताका करायला लावा, करंगळी सरळ राहत नाही म्हणून वर्ग हसेल, हसू द्या. तास संपल्यावर फळ्यावर ‘इनवर्डली’, ‘सीक्रेटली’, ‘प्रायव्हेटली’ आणि ‘डीप डाउन’ लिहा, आणि समोरचा रकाना मुलांनाच भरू द्या.